पॅराबेन-फ्री आत्या!

मंडळी, आज जरा कबुलीजबाब. गेल्या वर्षी फेब्रुवारीत याच पानावर मी एक सॉलिड आवेशातला लेख पाडला होता. बाथरूममधल्या कपाटाची साफसफाई, असा काहीतरी विषय. त्यातल्या एका वाक्याचा मला तेव्हा भारी अभिमान वाटला होता. लेबलवर ‘पॅराबेन’ दिसलं की बाटली थेट कचऱ्यात! कारणं म्हणाल तर दीड ओळ. कॅन्सरशी संबंध, हार्मोन्सची वाट वगैरे. मैत्रिणींनी लेख भराभर फॉरवर्ड केला. मीही स्वतःच्या तीन बाटल्या फेकल्या आणि त्याच संध्याकाळी एफसी रोडवरून दुप्पट किमतीचं ‘पॅराबेन-फ्री’ लोशन घेऊन आले. विषय खल्लास.

माझ्यापुरता खल्लास. चौसाळ्यात तो तिथून पुढे सुरू झाला.

चौसाळा म्हणजे माझ्या आत्याचं गाव. बीड आणि धाराशिवच्या मधे, सोलापूर-धुळे हायवेवर. बीडहून एसटीत बसायचं, मांजरसुंब्याचा घाट चढायचा, तिथून थोडं पुढे. बाजारपेठेत आत्याची लेडीज शॉपी आहे. बांगड्या, टिकल्या, साडीचे फॉल, परकर, मेंदीचे कोन आणि काचेच्या कपाटात क्रीम-पावडर. मागे पडदा लावून ताईचं, म्हणजे माझ्या आतेबहिणीचं, पार्लर. माझा प्रत्येक लेख मी आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवते आणि ती तो दुकानात बसून गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवते. ‘आमची भाची पुण्यात पेपरात लिहिती.’ हे ऐकायला किती छान वाटतं, नाही? वाटायचं.

तर आत्यानं तो लेख वाचला, चष्मा लावला आणि दुकानातल्या एकेका बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं लावत बसली. ज्यावर पॅराबेन सापडलं ते सगळं खोक्यात भरून परत. कपाट निम्मं रिकामं झालं. मग ताईच्या डोक्यात किडा वळवळला. आपणच बनवू की! कोरफड दारात होतीच. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदाम तेल, ऑनलाइन मागवलेलं मेण, सगळं मिक्सरमधून फिरवायचं आणि ‘टिकायला म्हणून’ व्हिटॅमिन ईच्या चार कॅप्सूल फोडून घालायच्या. छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या, त्यावर प्रिंट काढलेलं स्टिकर: ‘शंभर टक्के नैसर्गिक. पॅराबेन नाही.’ किंमत ऐंशी रुपये. मला फोटो आला तेव्हा मी तीन हार्ट पाठवले होते. आजही चॅट वर सरकवली की दिसतात ते.

मे महिन्यात आत्याचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

शेजारच्या एका मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. चेहरा उजळावा म्हणून ती ताईचं क्रीम महिनाभर रोज दोन वेळा लावत होती. आणि आता कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळ्या तोंडाचे फोड, हात लावला तरी ठणकणारे. बीडच्या स्किनवाल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, ‘काय लावत होतीस?’ मुलीच्या आईनं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. झाकणाच्या आतल्या कडेला हिरवट-काळे ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, फोड यामुळेच आलेत की नाही हे लॅबमध्ये तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण बुरशी दिसतेय ना, मग ही चेहऱ्याला लावायची वस्तू राहिलेली नाही. अँटिबायोटिक दिलं. आणि साखरपुड्याला मेकअप अजिबात नाही.

‘तूच लिहिलतंस की गं,’ आत्या म्हणाली. ‘आता त्या पोरीच्या आईला मी काय सांगू?’

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच शनिवारी बॅग भरली.

चौसाळ्यात पोचले तर दुपारचा एक. चाळिसाच्या वर पारा, लाइट गेलेली, दुकानावरचा पत्रा तापून तडतडतोय. ताईनं उरलेल्या डब्या परत मागवल्या होत्या. मी ओळीनं उघडून पाहिल्या. दोन डब्यांत बुरशी. एकीत पाणी आणि तेल वेगळं झालेलं. एकीला आंबट वास. बाकीच्या एकदम फ्रेश, गुलाबाच्या वासाच्या! खरी भीती त्याच डब्यांची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बुरशी निदान दिसते तरी. जंतू लाखोंनी वाढले तरी क्रीमचा रंग-वास बदलेलच असं नाही.

आता आत्याला हे समजवायचं कसं? मी मोबाइलवर वाचलेलं काहीबाही सांगायला लागले तर तिनं हातानंच थांबवलं. स्वयंपाकघरात गेली, लोणच्याची बरणी घेऊन आली. ‘ह्याच्यात कुठं काय केमिकल आहे? वर्षभर टिकतंय.’

बरणीनंच सगळं सोपं केलं. आत्या, या बरणीत ओला चमचा घातला तर तू काय करतेस? (काय करते ते मला लहानपणापासून माहीत आहे. पाठीत धपाटा.) लोणचं टिकतं कारण त्यात मीठ ढीगभर, वर तेलाचा थर आणि पाण्याचा शिरकाव नाही. मुरांबा साखरेवर टिकतो. पापड सुकवून. जंतूला जगायला पाणी लागतं, ते त्याला मिळू द्यायचं नाही, हा सगळा फंडा. क्रीम म्हणजे काय? निम्म्याहून जास्त पाणी, त्यात तेल, त्यात कोरफडीचा साखरयुक्त गर. आणि रोज त्यात बुडणारं ओलं बोट. म्हणजे ओल्या चमच्याचंच लोणचं, तेही मीठ न घातलेलं.

‘मग आमची आई उटणं लावायची, त्याला कुठं काय झालं?’ आत्याची पुढची फेक. बरोबर आहे. पण उटणं कोरडं असतं. दूध घालून भिजवायचं ते अंघोळीच्या वेळी, वाटीभर, आणि उरलं तर फेकायचं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, तूप यांत पाणीच नाही, त्यामुळे जंतूंपासून राखायला त्यांना वेगळं काही लागत नाही. आज्यांच्या काळात प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं हे खरं. पण महिनाभर डबीत राहणारं पाण्याचं क्रीमही त्यांच्याकडे नव्हतं.

आणि त्या व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल? ताईचा सगळा भरवसा त्यांच्यावर होता, आणि यूट्यूबवर निम्मं जग हेच सांगतं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. जंतूंना आणि बुरशीला ते काही करत नाही. तेच ‘द्राक्षाच्या जातीचं नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून खपणाऱ्या ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काचं. (मुळात ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, पपनसाचा भाऊबंद!) १९९९ साली जर्मनीत असे सहा अर्क तपासले, तर पाचांत कारखान्यात बनलेलं जंतुनाशकच निघालं. जंतू मारत होतं ते तेच. ज्या एकात ते नव्हतं, तो अर्क जंतूंपुढे ढिम्म!

मग पॅराबेन? माझ्या लेखातला तो खलनायक?

परतीच्या प्रवासात आणि पुढचे दोन आठवडे मी तेच वाचत बसले. लेख लिहिण्याआधी वाचायला हवं होतं ते.

पॅराबेन म्हणजे पॅरा-हायड्रॉक्सीबेंझॉइक आम्लापासून बनलेल्या पदार्थांचं एक कुटुंब. मिथाइल, इथाइल, प्रोपाइल, ब्यूटाइल ही त्यातली भावंडं. १९२०च्या दशकापासून औषधं, खाणं आणि क्रीममध्ये वापरात आहेत. स्वस्त, बिनवासाची, अगदी थोडी पुरतात आणि बुरशीवर तर भारीच. आत्याच्या फडताळातली खोकल्याच्या औषधाची बाटली मी सहज उलटी करून पाहिली होती. मिथाइल पॅराबेन, प्रोपाइल पॅराबेन. म्हणजे गालाला नको म्हणून फेकलेलं आम्ही चमच्यानं पीत होतो.

घबराट पसरली २००४ साली. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींचे २० नमुने तपासले आणि त्यांत पॅराबेन सापडलं. बातमी जगभर गेली. पण निरोगी स्तनांतल्या पेशींशी तुलना त्या अभ्यासात नव्हती, आणि पॅराबेनमुळे कॅन्सर झाला असं आपण म्हटलेलंच नाही, हे संशोधकांनीही नंतर स्पष्ट केलं. माझ्या त्या दीड ओळीचा उगम हा. वीस वर्षांपूर्वीची बातमी, तीही अर्धी.

याचा अर्थ शंका फालतू होती का? नाही. पॅराबेन इस्ट्रोजेनसारखं वागू शकतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. अंगातल्या खऱ्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत हजारो पटींनी दुबळं, पण रेणू जसा लांब तसा त्याचा जोर वाढतो. म्हणूनच युरोपनं सगळ्या भावंडांना एका मापानं मोजलं नाही. मिथाइल आणि इथाइलला ०.४ टक्क्यांपर्यंत मुभा. प्रोपाइल आणि ब्यूटाइलची मर्यादा २०१४ साली उतरवून ०.१४ टक्क्यांवर आणली. आणि आयसोप्रोपाइल, आयसोब्यूटाइल, फिनाइल, बेंझाइल, पेंटाइल या पाचांवर त्याच वर्षी सरळ बंदी, कारण ती सुरक्षित आहेत हे दाखवायला पुरेशी माहितीच कुणी दिली नव्हती. डेन्मार्कनं तर २०११ मध्येच तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांतून प्रोपाइल-ब्यूटाइल काढून टाकलं होतं. ‘पॅराबेन’ हा एक शब्द पाहून बाटली फेकणारी मी, आणि नाव, प्रमाण, वय, जागा पाहून निर्णय घेणारे हे लोक. लाज वाटली थोडी.

पण खरी गंमत (म्हणजे गंमत कसली!) पुढे आहे. गिऱ्हाइकं पॅराबेनला घाबरली म्हटल्यावर कंपन्यांनी बाटलीवर ‘पॅराबेन-फ्री’ छापलं आणि आत दुसरं काहीतरी घातलं. घालावंच लागतं, पाणी आहे ना! अनेकांनी निवडलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. नाव वाचतानाच धाप लागते. लोशन, बाळांचे ओले वाइप्स, शाम्पू, सगळीकडे ते शिरलं. काही वर्षांत त्वचेच्या डॉक्टरांकडे ॲलर्जीच्या पेशंटची रांग लागली. २०१३ साली अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं, आणि २०१७ पासून युरोपात अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये त्याला बंदी झाली. याच सोसायटीनं २०१९ साली काय जाहीर केलं असेल? पॅराबेन: ‘नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर’! म्हणजे इतकी वर्षं वापरूनही ॲलर्जी फारच कमी जणांना.

माझ्या एफसी रोडवाल्या लोशनमध्ये फिनॉक्सिइथेनॉल निघालं. आजकाल बहुतेक ‘फ्री’ बाटल्यांत तेच असतं. युरोपातली मर्यादा एक टक्का, आणि तिथल्या शास्त्रीय समितीनं २०१६ मध्ये तेवढं सुरक्षित म्हटलं आहे. जंतूंवर चांगलं, बुरशीवर जरा मवाळ, म्हणून जोडीला आणखी काहीतरी घालतात. पण यालाही एक अपवाद आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्रांना लावायच्या एका क्रीममध्ये फिनॉक्सिइथेनॉल होतं, आणि ते बाळाच्या पोटात जाऊन उलट्या-जुलाब होऊ शकतात, मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २००८ साली दिला होता. तोच पदार्थ आईच्या हातावर चालतो, बाळाच्या तोंडाशी चालत नाही. हे मी ताईला मुद्दाम सांगितलं, कारण तिच्याकडे बाळंतिणी येतात आणि ‘अंगावर पाजतीय, काय लावू?’ असं विचारतात.

सगळ्यात कठीण प्रश्न आत्यानंच विचारला होता, मी निघताना. ‘हे बघायला कुणी सरकारी माणूस नसतो का?’

असतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१३ साली जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचं सौंदर्यप्रसाधनांचं लायसन्स रद्द करण्याचा आदेश काढला होता. कारण काय, तर २००७ साली बनलेल्या बेबी पावडरच्या १५ बॅच. त्यातले जंतू मारायला एथिलीन ऑक्साइड वायू वापरला होता. हा वायू कॅन्सरला कारणीभूत मानला जातो आणि पावडरीत तो उरला की नाही, याची तपासणी झाली नव्हती, असं प्रशासनाचं म्हणणं. पावडर सुरक्षित होती, असं कंपनीचं म्हणणं. हे वाचून माझ्या डोक्यात लख्ख झालं. पावडर कोरडी असली तरी जंतूंचा प्रश्न तिथेही होता, आणि अधिकारी विचारत होते ते एवढंच, की वापरलेलं काय, ते परवानगीनं का, आणि उरलंय किती. मोठ्या कारखान्याला विचारलेले हेच प्रश्न ताईच्या मिक्सरला लावले तर? कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे विक्रीसाठी क्रीम बनवायला लायसन्स लागतं. कोरफड घरची असली तरी! ताईला हे माहीत नव्हतं. तीन हार्ट पाठवणाऱ्या मलाही नव्हतं.

आणि तेवढ्यात माझी नजर कपाटाच्या खालच्या फळीवर गेली. पॅराबेनवाला माल परत गेल्यावर जागा भरायला आत्यानं एका फिरत्या सेल्समनकडून ‘सात दिवसांत गोरेपणा’वाल्या डब्या घेतल्या होत्या. वर चकचकीत फोटो. बनवणाऱ्याचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, कधीपर्यंत वापरायचं ते नाही, आत काय आहे त्याची यादी नाही. अर्थात, पॅराबेनही लिहिलेलं नाही. म्हणून आत्याच्या परीक्षेत पास!

आता अकोल्याची गोष्ट ऐका. २०२३च्या सुरुवातीला बातम्या आल्या की तिथल्या एकाच घरातल्या तिघींच्या, आई आणि दोन मुलींच्या, किडन्यांना सूज आली. तिघींमधला समान धागा शोधता शोधता डॉक्टर पोचले एका गोऱ्या करणाऱ्या क्रीमपर्यंत. मुंबईच्या केईएममध्ये ते क्रीम तपासलं आणि त्यात पारा सापडला. पारा रंग बनण्याच्या प्रक्रियेलाच अडवतो, म्हणून कातडी उजळते, आणि तोच कातडीतून आत जाऊन किडनीला धरतो. गंमत अशी की पाऱ्याची संयुगंसुद्धा एके काळची प्रिझर्व्हेटिव्हच. २०२०च्या नियमांनीही डोळ्यांच्या प्रसाधनांत ०.००७ टक्क्यापर्यंत मुभा ठेवली आणि बाकी प्रसाधनांत चुकून आलेला पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त नको, असं म्हटलं. पुढे २०२३च्या जिनिव्हा बैठकीत मिनामाटा कराराच्या देशांनी ठरवलं की पारा घातलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं २०२५पर्यंत बंद करायची.

मी आत्याला अकोल्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. उठली, खालच्या फळीवरच्या डब्या एकेक करून गोणीत टाकल्या. पैसे बुडाले. सेल्समनचा फोन लागत नव्हताच.

त्या मुलीला भेटायला मी आणि ताई गेलो. फोड बसायला लागले होते, डाग होते. तिनं आम्हाला चहा दिला. साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला, मेकअपशिवाय. फोटो मी पाहिलेत. तिच्या आईनं मात्र आमच्याशी अक्षर काढलं नाही, आणि त्यांच्या घरच्या लग्नाचा चुडा आत्याकडून गेला नाही. चौसाळ्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो, ते गावाकडच्या वाचकांना सांगायला नको.

ताईनं क्रीम बंद केलंय. पार्लरमध्ये कोणी कोरफड मागितली तर गिऱ्हाइकासमोर पान धुऊन कापते, आधी कोपराच्या आत थोडं लावून बघते, मग चेहऱ्यावर, आणि उरलेलं फेकते. लायसन्ससाठी काय काय लागतं, वेगळी जागा, शिकलेला माणूस, तपासणी, याची यादी तिनं काढलीय. ‘जमंल का गं?’ म्हणते. बघू.

पॅराबेनवाल्या बाटल्या कपाटात परत आल्यात. बाटली उलटी करून वाचायची सवय आत्याला लागलीय ती लागलीय, फक्त आता ती आधी लायसन्स नंबर शोधते, मग तारीख, मग यादी. काउंटरच्या काचेखाली तिनं खोक्याचा एक पुठ्ठा कापून ठेवलाय. त्यावर माझ्याकडून, माझ्याच अक्षरात लिहून घेतलंय: ‘मागच्या लेखातलं पॅराबेनचं वाक्य चुकीचं होतं.’ खाली सही, तारीख. गिऱ्हाइकानं विचारलं की आत्या बोट ठेवून दाखवते.

हा लेख पाठवायच्या आधी तिला फोनवर वाचून दाखवावा लागला, ही आता अटच आहे. दोन वाक्यं तिनं काढायला लावली. एकात मी तिला ‘भोळी’ म्हटलं होतं.